कासवाला सर्दी झाली तर...

जानेवारीतली संध्याकाळ होती. दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांची रांग. अगदी शेवटी एक ओळखीचे कुटुंब आत आले. आजी, सूनबाई आणि सहावीत शिकणारा नातू. "कोणाला काय होतंय?" असे मी नेहमीप्रमाणे विचारले, तर मुलाने बुटांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, याला सर्दी झालीय."

खोक्यात आमटीच्या वाटीएवढे कासवाचे पिल्लू होते. काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्या. डोळे मिटलेले, मान पूर्ण बाहेर ताणलेली, तोंड उघडे आणि नाकपुडीवर श्वासागणिक फुगणारा बारीकसा बुडबुडा. हैदराबादच्या पाहुण्यांनी दिवाळीत "घरात कासव शुभ असते" म्हणून ते आणून दिले होते. चार दिवस त्याने काही खाल्ले नव्हते. मुलाने धाकट्या बहिणीच्या सर्दीच्या औषधाचे दोन थेंब त्याला पाजले होते, आजींनी नाकाला निलगिरी लावली होती. आजींची काळजी मात्र निराळीच होती. "याची सर्दी आमच्या धाकटीला तर लागणार नाही ना?"

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे. मग या सदरात कासवाचा आजार कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याला एक कारण आहे आणि ते सांगताना मला आजही संकोच वाटतो.

वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या घरी असेच एक पिल्लू आजारी पडले. शेजाऱ्यांची मुलगी ते माझ्याकडे घेऊन आली. मी वजनाचा अंदाज घेतला, तान्ह्या बाळाला देतो त्या प्रतिजैविकाच्या थेंबांचा हिशेब केला आणि ड्रॉपरने औषध त्याच्या तोंडात सोडले. वर "कासव पाण्यातला जीव, ओल्या फडक्यात गार जागी ठेवा" असा सल्लाही दिला. पाचव्या दिवशी पिल्लू गेले. ती मुलगी मला एवढेच म्हणाली, "काका, औषध तर तुम्हीच दिलं होतं ना?" पुढे एका पशुवैद्यक मित्राने माझ्या चुका मला समजावून सांगितल्या. त्या आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नयेत म्हणून हा लेख.

श्वासाची रीतच वेगळी

आपल्या छातीचा भाता बरगड्या आणि श्वासपटल यांच्या जोरावर हलतो. कासवाच्या बरगड्या पाठीच्या कवचाला कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे छाती फुगू शकत नाही. आपल्यासारखे श्वासपटलही त्याला नसते. पोटाचे आणि पायांच्या मुळाशी असलेले स्नायू हलवून ते हवा आत-बाहेर करते. फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून, वरच्या बाजूला असतात. साहजिकच आपल्यासारखा जोरात खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. आत साठलेला चिकट स्राव तिथेच राहतो आणि नाकातली साधी वाटणारी सर्दी न्यूमोनियापर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखत नाही. भोवतालचे तापमान तेच त्याचे तापमान. आपल्याला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, शरीर लढू लागते. कासवाला ताप आणायचा तर उबेच्या जागी जाऊन बसावे लागते. शहाबादी फरशीवर, खोक्यात कोंडलेल्या पिल्लाने ऊब आणायची कुठून? गारठ्यात त्याची प्रतिकारशक्ती मंदावते, पचन थांबते आणि दिलेले औषधही नीट काम करत नाही. मी ओल्या फडक्यात गार जागी ठेवायला सांगितले, तेव्हा त्याचे लढण्याचे बळच काढून घेतले होते.

लक्षणे कोणती?

नाकातून पाणी किंवा बुडबुडे येणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा बारीक आवाज, तोंड उघडून आणि मान ताणून श्वास घेणे, सुजलेले वा चिकटलेले डोळे, खाणे बंद होणे, दिवसभर निपचित पडून राहणे. यातले तोंड उघडून श्वास घेणे हे सर्वांत गंभीर लक्षण. ते दिसले तर उद्यावर ढकलू नये. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, लाल कानांची परदेशी पाणकासवे अशा आजारात एका बाजूला कलून पोहताना दिसतात. खेळ करतेय असे समजून घरचे हसतात, पण एका फुप्फुसात बिघाड झाल्याची ती खूण असू शकते.

आजार होतो कशाने?

जंतू हे निमित्त असते. मूळ दोष बहुधा राहणीत असतो. गारठा, ओल, साचलेली घाण, कोंदट हवा, एकाच खोक्यात अनेक कासवे, उन्हाचा अभाव आणि चुकीचा आहार. तारा कासव हे कोरड्या, काटेरी माळरानावरचे, गवत-पाला खाणारे कासव. त्याला दूध-पोळी, पाव, भात घालणे म्हणजे त्याची प्रकृती बिघडवणेच होय. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की नाकाचे आणि डोळ्यांचे अस्तर दुबळे होते. आणि काचेतून येणारे ऊन दिसायला ऊन असले, तरी हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते.

पशुवैद्यकाकडे पोहोचेपर्यंत

पहिले औषध ऊब. खोक्याच्या एका टोकाला तापणारा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा सुरक्षित अंतरावर लावावा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. आत साधा तापमापक ठेवून दिवसा उबदार बाजू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहील असे पाहावे. आजारपणात रात्रीही तापमान २५-२६ अंशांखाली जाऊ देऊ नये. दुसरे टोक थोडे कमी उबदार असावे, म्हणजे नको झाले तर त्याला सरकता येईल. प्रवासात गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवली तरी चालते.

दुसरे औषध पाणी. आजारी कासव आतून सुकलेले असते. उथळ ताटात कोमट पाणी घेऊन, हनुवटी सहज वर राहील एवढ्याच खोलीत १०-१५ मिनिटे बसवावे आणि नंतर कोरडे करून पुन्हा उबेत ठेवावे. धाप लागलेली असेल तर मात्र हा खटाटोपही करू नये.

काय करू नये, ही यादी अधिक मोलाची आहे. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या कासवाच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. माझ्या ड्रॉपरने बहुधा हेच केले असावे. नाकात तेल, तूप, निलगिरी घालू नये. ओव्याची धुरी, अगरबत्ती, डासांची उदबत्ती यांचा धूर टाळावा. उलटे धरून झटकू नये. घरातल्या माणसांचे उरलेले औषध देऊ नये. आणि गुरांना, कुत्र्यांना जंतांसाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाचा जीव घेऊ शकते, हे कायम ध्यानात असावे.

पशुवैद्यक काय करतात?

त्या संध्याकाळी मी औषधाची चिठ्ठी लिहिली नाही. प्राण्यांवर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानेही ते तसेच ठरवले आहे. मी खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंडळींबरोबर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

तिथे पिल्लाचे वजन ग्रॅममध्ये झाले. फुप्फुसाचा फोटो समोरून आणि बाजूनेही काढला, कारण नुसत्या वरून काढलेल्या फोटोत कवच आड येते. नाकातला स्राव तपासायला घेतला. प्रतिजैविकाचे इंजेक्शन पुढच्या पायाच्या स्नायूत दिले. असे का, तर कासवाच्या मागच्या भागातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकते. तिथे औषध वाया जाण्याची किंवा मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असते. कासवाचे सारे व्यवहार संथ, म्हणून काही इंजेक्शने तीन दिवसांतून एकदाच द्यावी लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. मधेच नाक कोरडे दिसले म्हणून ते सोडून देणे म्हणजे आजाराला पुन्हा बोलावणे. सर्व कासवे वाचतातच असेही नाही, पण लवकर आणलेली पुष्कळ वाचतात.

आपल्या घरातल्यांचे काय?

आता आजींच्या प्रश्नाकडे. कासवाची सर्दी सहसा माणसाला लागत नाही. लागतो तो साल्मोनेला, म्हणजे जुलाब, उलट्या आणि ताप आणणारा जंतू. तो धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही असू शकतो. लहान मुले कासव हाताळतात, तेच हात तोंडात घालतात. अमेरिकेत मुलांमध्ये हा आजार इतका वाढला की १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकण्यावर तिथे बंदी घालावी लागली. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी कासव हाताळू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे ताट किंवा खोका स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही धुऊ नये. घरात मुलाला जुलाब-ताप असेल तर "घरी कासव आहे" हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

कायद्याची बाजू

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. तारा कासव घरात ठेवणे, विकणे वा विकत घेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे; त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय साइट्स करारानेही या कासवाला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. शुभ म्हणून पाहुण्याने दिले, ही सबब कायद्यात नाही. शुभशकुनासाठी देवळापुढे दगडी कासव असते, तेवढे पुरेसे आहे.

भीतीपोटी लोक दोन गोष्टी करतात. एक तर आजारी पिल्लू लपवून ठेवतात आणि ते खोक्यातच मरते. नाहीतर गुपचूप माळावर किंवा तळ्यात सोडतात. हे दुसरे तर त्याहून वाईट. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातील कासवांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस नाक वाहण्याची साथ पसरली. मायकोप्लाझ्मा हा जंतू त्यामागे निघाला. पाळलेली आजारी कासवे रानात सोडल्याने साथीला हातभार लागला असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. एका घरातली सर्दी अशी साऱ्या माळरानाला लागू शकते. म्हणून कासव वनखात्याच्याच ताब्यात द्यावे.

आमच्या त्या पिल्लाची वर्दी पशुवैद्यकांनी त्याच दिवशी वनखात्याला दिली. सूनबाईंनी लेखी जबाब दिला, पिल्लू कुठून आले ते खरे सांगितले. उपचार वनखात्याच्या देखरेखीखाली चालू राहिले. खोका सोपवताना मुलगा रडला. "मी त्याला बरं करायला आणलं होतं, द्यायला नव्हतं," असे म्हणाला. त्याची समजूत घालायला माझ्याजवळ शब्द नव्हते. मार्चमध्ये तो खोकला घेऊन आला, तेव्हा पशुवैद्यकांचा निरोप मी त्याला दिला. पिल्लू शेवग्याचा पाला खाऊ लागले होते, वजन वाढले होते, बुडबुडे थांबले होते. "म्हणजे ते आता नाकाने श्वास घेतं?" त्याने विचारले. मी हो म्हणालो.

माणूस असो की कासव, धाप लागलेल्या जिवाला आधी ऊब द्यावी आणि मग ज्याला त्यातले कळते त्याच्याकडे वेळेत न्यावे. अंदाजाने औषध देऊ नये. निदान मी तरी आता देत नाही.