दाताची टोपी : बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर

४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टी बंद पडण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी तिची दुरुस्ती करावी लागते, हे या पोलादनगरीतील घराघरांत ठाऊक आहे. दातांच्या बाबतीत मात्र ही दक्षता अनेकांना सुचत नाही. दुखणे थांबले की उपचार संपले, असा समज असतो. रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर टोपी, म्हणजेच ‘कॅप’, बसविण्याचे राहून जाते ते याच समजापोटी.

रूट कॅनॉलमध्ये दाताच्या गाभ्यातील रोगट भाग काढून पोकळी भरली जाते. वेदना थांबतात, परंतु कीड आणि उपचारासाठी केलेले छिद्र यांमुळे दाढेच्या भिंती दुबळ्या झालेल्या असतात. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी एकदा गेलेला इनॅमल पुन्हा तयार होत नाही. मग एखादा फुटाणा चावतानाही दाढ उभी चिरू शकते. चीर मुळात खोलवर गेल्यास दाढ काढण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही.

टोपीसाठी दात सर्व बाजूंनी थोडा घासून त्याचा ठसा घेतला जातो. कायमची टोपी तयार होईपर्यंत तात्पुरती टोपी बसवितात. या काळात चिक्कीसारखे चिकट पदार्थ टाळावेत. अंतिम टोपी चिकटविण्यापूर्वी डॉक्टर चाव तपासतात. टोपी उंच वाटत असल्यास संकोच न करता त्याच वेळी सांगावे.

टोप्या धातूच्या, धातूवर सिरॅमिक चढविलेल्या अथवा झिर्कोनियासारख्या संपूर्ण सिरॅमिकच्या असतात. बस्तरमधील कोंडागावचे कारागीर मेणाचा साचा वितळवून धातूच्या मूर्ती ओततात. हेच तंत्र दंतवैद्यकात १९०७ मध्ये अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट यांनी रूढ केले. झिर्कोनियाच्या टोप्या आता संगणकाच्या साहाय्याने कोरल्या जातात. निकेलची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी, कारण काही मिश्रधातूंत निकेल असते.

टोपीला कीड लागत नाही. तिच्याखालच्या दाताला मात्र लागते. टोपीची कड जेथे हिरडीपाशी संपते, ती जागा सर्वांत नाजूक. तेथे अन्नकण साचले की कीड आत शिरते, आणि रूट कॅनॉल झालेला दात दुखून इशाराही देत नाही. म्हणून मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत आणि दोन दातांमधील फट धाग्याने स्वच्छ करावी. छत्तीसगडमध्ये तंबाखूयुक्त गुडाखू दातांना लावण्याची सवय सर्वत्र आढळते. ती हिरड्यांना घातक असल्याने टोपी असो वा नसो, सोडणेच हितावह. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांनी रात्री वापरावयाच्या संरक्षक पट्टीविषयी विचारावे. टोपी निघाल्यास घरगुती गोंदाने चिकटवू नये. ती डबीत जपून ठेवून लवकरात लवकर दवाखाना गाठावा.

खर्चाचा विचारही आधीच करावा. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघाताखेरीज अन्य दंतोपचारांचा समावेश नसतो. म्हणून पॉलिसीतील अटी वाचून घ्याव्यात. रूट कॅनॉल, टोपी आणि पुढील तपासण्या यांचा एकत्रित अंदाज पहिल्याच भेटीत मागावा. दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली असे उपचार सहसा कमी खर्चात होतात. भिलाईतही असे महाविद्यालय आहे.

योग्य निगा राखल्यास चांगली टोपी दहा-पंधरा वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ साथ देते. सहा महिन्यांनी एकदा केलेली तपासणी हा तिचा अल्पसा हप्ता समजावा. टोपी झिजली वा तडकली तर नवी करता येते. मुद्दल आहे तो तिच्याखालचा दात, आणि जपायचा आहे तोही तोच.