ओहोटीच्या वेळेला भरणारी शाळा

भरतीची वेळ काढायचा कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्या निरीक्षणातून आलेला हा हिशेब. मात्र पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जाते. पाणी मालवणात आधी भरतं, मुंबईला उशिरा. म्हणजे एकच हिशेब दोन्ही ठिकाणी तंतोतंत जुळणार नाही. मग आपल्या बंदरात तो किती चुकतो? दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेला बांबू जेटीजवळ रोवावा, पंधरवडाभर अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद करावी. उत्तर सातवीतली मुलंही काढू शकतील. पर्यावरणाचा धडा मला असा हवा आहे.

एका प्रश्नातून दुसरा निघतो. उधाणाला पाणी मुंबईत जेवढं चढतं, तेवढं मालवणात का चढत नाही? त्यासाठी उत्तरेकडचा रुंद, उथळ सागरतळ नकाशावर पाहावा लागतो. पुढे खडकावर फूटभर लाकडी चौकट ठेवून आतले जीव मोजले, की कालवं कुठे संपतात, शेवाळ कुठे सुरू होतं आणि पाण्याच्या चढउताराशी त्याचा काय संबंध, हे मुलं स्वतः मांडू लागतात. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारलं तर वारा, प्रवाह आणि माशांच्या हंगामाची अशी माहिती मिळते, जी पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पानं, बिया, खडे हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करता करता शिकण्यासाठी. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, पण सक्तीतून बहुतेक ठिकाणी प्रकल्पवही आणि गुणच हाती आले, याची मला खंत वाटते.

सिंधुदुर्गात मात्र धडे घ्यायला जागा आहेत आणि शिकवणारी माणसंही आहेत. मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव १५३० सालचा मानला जातो. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. याच गावात सचिन देसाई यांच्या ‘स्यमंतक’चं जीवन शिक्षण विद्यापीठ आहे. तिथे तरुण राहून, काम करून शिकतात, आणि तलावाचं रक्षण हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिवराच्या पानावर मीठ का साचतं, कांदळाचं बी झाडावर असतानाच का रुजतं, हे शाळेच्या मुलांनी त्यांच्याकडून शिकावं, आणि त्यासाठी त्यांना रीतसर मानधन मिळावं.

स्थानिकांना न विचारता केलेल्या गोष्टींचं काय होतं, हे मालवणला ठाऊक आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं टिकला. समुद्रावर जगणाऱ्यांना संरक्षणाच्या कामात जाणकार म्हणून जागा नव्हती. मुलांच्या नोंदवहीत त्यांच्या बापाचं, आजीचं ज्ञान उतरलं आणि बांबूच्या मापाशी ताडून पाहिलं गेलं, तर पुढच्या वेळी गावाकडे बोलायला स्वतःचे आकडे असतील.

अडचण साहित्याच्या खर्चाची नाही. बांबू, रंग, चौकट, वही इतकंच लागतं. अडचण घंटेची आहे. अमावास्या-पौर्णिमेला मालवणची मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास येते. भर शाळेच्या वेळेत ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमारास, आणि तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी फारसं हटत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शाळांनी पावसाळा सोडून महिन्यातले दोन दिवस तिथी पाहून ठरवावेत. खडकावर जाताना पाण्याचा जाणकार मच्छीमार सोबत असावा, आणि मोजलेला प्रत्येक जीव जिथल्या तिथे राहावा. पहिली नोंद दिवाळीच्या सुटीतच करता येईल. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला उधाण असतंच.