सावड, पाणी आणि कुलूपबंद घरे

रायगड जिल्ह्याच्या आतल्या बाजूस असलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील शेजारधर्म समजून घ्यायचा तर सुरुवात तेथील जमिनीपासूनच करावी लागते; कारण सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या, सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतील लहान लहान भातखाचरे आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांमुळे एकट्या कुटुंबाने शेती तडीस नेणे येथे पूर्वीपासूनच अवघड होते. भाताचे रोप, ज्याला कोकणात आवण म्हणतात, साधारण तीन-चार आठवड्यांचे झाले की लावावेच लागते, त्याचे वय वाढले तर पुढे फुटवे कमी येतात, आणि लावणीची ही घाई सगळ्या घरांना एकाच वेळी गाठते. या अडचणीवर गावाने शोधलेली तोड म्हणजे सावड.

सावड म्हणजे श्रमांची अदलाबदल. आज एका घरच्या खाचरात चार घरांची माणसे चिखलात उतरतात, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या खाचरात जातात, आणि त्याचा हिशेब पैशांत न राहता दिवसांत राहतो. देशावरच्या इर्जिकेत शेतकरी सर्वांना बोलावून काम उरकून घेतो आणि जेवण घालतो. सावडीत मात्र देणे उघड असते, ते फेडता येते, आणि म्हणूनच मदत घेणाऱ्याची मान खाली जात नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष परगावी आहे त्या घरच्या बाईला उपकाराच्या ओझ्याखाली न जाता शेजाऱ्याला हाक मारता येणे, हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे अंग आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

तथापि सावड बहुधा भावकी आणि वाडीच्या वेशीपर्यंतच पोहोचत असे, आणि वाड्या जातींनुसार वसलेल्या होत्या, हे सांगितल्याखेरीज हे चित्र खरे ठरणार नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरविले, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले त्यांच्यावर हल्ला झाला. अस्पृश्य ठरविलेली ही माणसे आसपासच्या गावांतून आणि दूरच्या मुलखातून आली होती. त्या धावपळीत त्यांच्यापैकी अनेकांना गावातील मुस्लिम घरांनी आसरा दिला, आणि त्यांच्याच डिसेंबर १९२७ मधील परिषदेसाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. येथे फेडीचा हिशेब नव्हता, नातेही नव्हते. महाडच्या शेजारधर्माच्या इतिहासात या जमिनीला सावडीइतकेच, किंबहुना अधिक, मानाचे स्थान मिळावयास हवे.

गिरणीच्या नोकरीने या खोऱ्यांतील पुरुष मुंबईला नेले आणि पुढे खाडीपट्ट्यातील अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांतील तरुण आखाती देशांत गेले. गिरणगावात एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेली भाड्याची खोली, जिथे पाळीनुसार काही झोपत आणि काही कामावर जात, ही परमुलखात मांडलेली वाडीच होती. आज गावाकडे अनेक घरांना कुलूप असते आणि ‘मुंबईकर’ गणपतीला वा शिमग्याला येतात; पण किल्ली शेजारच्या घरी असते. आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी, कौले फुटली आहेत की छपरावर फांदी आली आहे हे तोच शेजारी फोनवरून कळवितो, मधूनमधून दारे उघडून घराला हवा देतो, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या चुलीतून सकाळी धूर निघाला की नाही याकडेही त्याचेच लक्ष असते. उलट त्याच्या घरचे माणूस आजारी पडून मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागले तर राहण्याची, डब्याची आणि रांगेत उभे राहण्याची जबाबदारी मुंबईकर उचलतो. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर ताणलेली ही सावडच आहे.

या संबंधांची सर्वांत कठोर परीक्षा डोंगर खचतो तेव्हा होते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड येऊन ८०हून अधिक माणसे दगावली, आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. महाड शहर पुराने वेढलेले होते, रस्ते पाण्याखाली होते, बचाव पथकांना तळीयेला पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर चिखल उपसणारे हात गावचे आणि जवळपासच्या वाड्यांचे होते. अशा वेळी कोणत्या घरात किती माणसे होती, कोण कालच मुंबईला गेले आणि कोण पाहुणे म्हणून आले होते, हे कोणत्याही सरकारी यादीत नसते. कुठे खणायचे ते शेजाऱ्याला विचारावे लागते.