बाखच्या ट्रम्पेटमधला मध्यम

लाइपझिग शहराच्या वादकांचा म्होरक्या गॉटफ्रीड राइखे याचं एक तैलचित्र आहे. १७२७ च्या सुमारास ते एलियास गॉटलोब हाउसमाननं काढलं. बाखचं जगप्रसिद्ध चित्रही त्याच्याच हातचं. राइखेच्या एका हातात स्वरलिपीचा कागद आहे, दुसऱ्या हातात वेटोळं घातलेली पितळी नळी. त्या नळीला व्हॉल्व्ह नाहीत, कळा नाहीत, बासरीसारखी भोकंही नाहीत. योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लाइपझिगला आला आणि १७३४ मध्ये राइखे वारला. मधल्या अकरा वर्षांत बाखनं ट्रम्पेटसाठी जे लिहिलं, ते बहुतेक या माणसाच्या ओठांचा भरवसा धरून. आजच्या तयारीच्या वादकालाही घाम फोडणारं संगीत एवढ्याशा सामग्रीतून निघत होतं.

तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हे कोडं चटकन उलगडेल. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो; त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेत जे घडतं, तेच नळीतल्या हवेतही घडतं. नॅचरल ट्रम्पेट म्हणजे साधारण सात-आठ फूट लांबीची, गुंडाळलेली किंवा दुमडलेली नळी. एका टोकाला ओठ लावायचा पेला, दुसऱ्या टोकाला कर्णा. बोटांना काही कामच नाही. ओठांचा ताण आणि फुंकेचा जोर बदलत वादक नळीतलाच एकेक स्वयंभू स्वर उचलतो. खालच्या भागात हे स्वर एकमेकांपासून लांब पडतात: सा, प, सा, ग, प. आपल्या तुतारीवर मोजकेच स्वर निघतात त्याचं कारण हेच. युरोपातही ट्रम्पेट दीर्घकाळ रणांगणाचं आणि दरबाराचंच वाद्य राहिलं. पण आठव्या स्वयंभू स्वराच्या वर गेलं की स्वर दाटीनं येतात, सा-रे-ग लागोपाठ मिळतात. या उंच भागात, श्वास आणि ओठ यांच्या बळावर, सतराव्या शतकातल्या वादकांनी गाता येईल अशी सुरावट वाजवण्याची विद्या कमावली. तिला क्लारिनो वादन म्हणत.

तिथे दोन स्वर मात्र हट्टी आहेत. अकरावा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या जवळपास मधोमध पडतो. तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये लोंबकळतो. वादकानं ते ओठांनी ओढून जागेवर आणायचे आणि पुढच्या स्वरासाठी क्षणात मोकळं व्हायचं. जुन्या माउथपीसचा पेला रुंद असे आणि पेल्यातून नळीकडे उतरणारी कड धारदार. स्वर असा वाकवायला ती घडण उपयोगी पडते.

या हट्टी स्वरांना वाद्याचा दोष म्हणायला मी तयार नाही. बाखचा ७७ क्रमांकाचा कँटाटा २२ ऑगस्ट १७२३ रोजी पहिल्यांदा सादर झाला. त्यात माणसाच्या प्रेमातल्या अपुरेपणाबद्दल एक एकलगीत आहे आणि त्याच्या साथीला बाखनं एकटं ट्रम्पेट ठेवलंय. त्या ट्रम्पेटला दिलेल्या स्वरांपैकी कित्येक साध्या नळीत सहज सापडतच नाहीत. ते साध्या ट्रम्पेटवर वाजलं की सरकत्या नळीच्या, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण अपुरेपणाच्या गीतासाठी, स्वर धरताना धडपडावं लागेल अशी ओळ बाखनं अजाणता लिहिली, हे मला पटत नाही. आधुनिक ट्रम्पेटवर ती गुळगुळीत वाजते आणि तिच्यातली व्यथा नाहीशी होते.

क्लारिनोची विद्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरली, कारण संगीताची रुचीच बदलली. हायडननं १७९६ मध्ये आपला कन्चेर्टो लिहिला तो कळा बसवलेल्या ट्रम्पेटसाठी. १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट निघालं.

पुनरुज्जीवनाला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९६० च्या सुमारास जर्मनीत ऑट्टो स्टाइनकॉफ आणि हेल्मुट फिंके यांनी राइखेच्या चित्रातल्यासारखं वेटोळं ट्रम्पेट घडवलं, पण त्याच्या नळीला बारीक भोकं पाडली. भोक उघडलं की नको ते स्वयंभू स्वर दबतात. अकरावा-तेरावा ताळ्यावर येतात आणि स्वर हुकण्याचा धोका कमी होतो. आज बरोक संगीत जुन्या वाद्यांवर सादर करणाऱ्या बहुतेक वाद्यवृंदांत अशीच भोकांची ट्रम्पेटं असतात. ध्वनिमुद्रणाच्या जमान्यात हुकलेला स्वर कायमचा राहतो, त्यामुळे वादकांची ओढ समजू शकते. तरीही हा आधार राइखेकडे नव्हता. ज्याँ-फ्रांस्वा मादफ यांच्यासारखे वादक म्हणूनच भोकांविना वाजवतात. रॉबर्ट बार्कले यांच्यासारख्या कारागिरांनी न्यूरेंबर्गच्या जुन्या पद्धतीचा अभ्यास करून पितळेच्या पत्र्यापासून हातानं ट्रम्पेट घडवण्याची रीत पुन्हा रुजवली. त्या पद्धतीत नळीचे तुकडे एकमेकांत घट्ट बसवतात आणि सांधे मेणानं बुजवतात.

एवढ्या खटाटोपाचं फळ बाखच्या दुसऱ्या ब्रांडेनबर्ग कन्चेर्टोत मिळतं. १७२१ मध्ये अर्पण केलेल्या या रचनेत ट्रम्पेट, रेकॉर्डर ही लाकडी बासरी, ओबो आणि व्हायोलिन असे चौघे बरोबरीचे नायक आहेत. आजच्या छोट्या पिकोलो ट्रम्पेटपुढे रेकॉर्डरचं काही चालत नाही. ध्वनिमुद्रकाला त्याचा आवाज मुद्दाम वाढवावा लागतो. जुनी लांब नळी उंचावर हळुवारही वाजते. सोबतच्या व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात आणि सगळ्यांची पट्टी आजच्यापेक्षा अर्ध्या स्वरानं खाली असते. मग चौघांची बोलाचाली कुणालाही न वाढवता ऐकू येते. सिगिसवाल्ड कुइकेन यांच्या ला पतीत बांद या वाद्यवृंदासोबत मादफ यांनी हा कन्चेर्टो भोकांविना वाजवलाय. त्यात ट्रम्पेटला अठराव्या स्वयंभू स्वरापर्यंत चढावं लागतं. मधल्या संथ भागात ट्रम्पेट गप्प असतं. ओठांना तेवढाच विसावा मिळतो, कारण तिसऱ्या भागाची पहिली सुरावट पुन्हा त्यालाच छेडायची असते.