मुळा आणि सुरणाच्या भावंडाचा जपानी रस्सा

आपल्याकडे मुळ्याला फारसा मान नाही. कोशिंबीर झाली, पाल्याची भाजी झाली, की त्याचे काम संपले. जपानमध्ये मात्र हिवाळ्यात जाड, पांढरा मुळा बाजारात आला की लोकांना 'ओदेन'ची आठवण होते.

ओदेन म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवलेला पातळ रस्सा. पूर्वी टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनिराचे तुकडे काडीला टोचून, मिसो लावून भाजत. त्याला देनगाकु म्हणत. पुढे भाजण्याऐवजी रश्शात शिजवणे आले, तरी नाव तेच राहिले. या रश्शासाठी कोंबू हे सुकवलेले समुद्रशैवाल व कुप्याच्या जातीचा एक मासा लागतो. हा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि चक्क रंध्याने त्याचे पापुद्रे काढतात! त्यांच्या अर्कात सोया सॉस घालून मुळा, उकडलेली अंडी, माशाच्या वाटणाच्या वड्या, तळलेला टोफू असे जिन्नस सोडतात. नागोयाकडे मिसो घालतात. शिझुओकाचा रस्सा काळपट असतो व वर सुक्या माशाची पूड भुरभुरतात.

मुळ्याची तयारी मात्र सर्वत्र निगुतीने होते. साल जाडच काढायची, कारण तिच्याखाली दोरे असतात. मग सुमारे तीन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून कडा किंचित तासायच्या, म्हणजे शिजताना त्या झडत नाहीत. एका बाजूने अधिक चिन्हासारखी चीर द्यायची. प्रथम तांदळाच्या धुवणात उकडायचे, म्हणजे उग्रपणा जातो, नंतरच रश्शात.

मिउरा भागातला जुना मुळा पोटाशी फुगीर असे व उपटताना शेतकऱ्याची कंबर धरे. १९७९ च्या वादळात तिथल्या पिकाचे मोठे नुकसान झाले, तेव्हा पुष्कळांनी सरळ वाढणारा, हिरव्या मानेचा मुळा लावला आणि तोच टिकला. जुना मुळा आता थोडाच पिकतो व वर्षअखेरीस विकला जातो.

दुसरा जिन्नस कोन्याकू. हे आपल्या सुरणाचेच भावंड! कच्चा कंद तसाच घसा खाजवतो. लहान कंद वसंतात लावतात, थंडीत कुजू नयेत म्हणून शरदात काढून उबेला ठेवतात, पुन्हा लावतात. असे दोन-तीन वर्षे केल्यावर माल तयार होतो. जपानचे नव्वद टक्क्यांहून अधिक पीक एकट्या गुन्मा प्रांतात होते. कंदाच्या पिठात पाणी व चुन्याची निवळी घातली की त्याची लवचिक वडी बनते. तिच्यात सुमारे ९७ टक्के पाणी व उरलेला बहुतेक चोथा; म्हणून पोट भरते, अंगाला चरबी मात्र लागत नाही. जुने लोक तिला पोटातली वाळू झाडणारी म्हणत. वडी चिवट असल्याने लहान मुलांना व वृद्धांना बारीक तुकडे करूनच द्यावी. तळलेल्या टोफूच्या पिशवीत चिकट भाताचा मोची भरतात, तोही घशात अडकून दरवर्षी म्हाताऱ्यांचे जीव जातात.

गाडीवर किंवा छोट्या खानावळीत गिऱ्हाईक वाफाळत्या कढईसमोर बसून बोटाने दाखवते, "हा मुळा, ते अंडे". जेवढे नग, तेवढे पैसे. सोबत तिखट मोहरीचे वाटण, नाकात झणका उठवणारे. रस्सा मात्र सगळा पिऊ नये. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असणाऱ्यांनी नग खावेत, रस्सा ठेवावा.

ओदेन दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागते, कारण निवताना मुळ्यात रस मुरतो. धोकाही तिथेच आहे. काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. मोठे भांडे रात्रभर चुलीवर कोमट राहिले की तळाशी, हवा नसलेल्या जागी, ती झपाट्याने वाढतात. मग सहा ते चोवीस तासांत पोटात कळा व जुलाब. आपल्या लग्नघरच्या मटणाच्या पातेल्यालाही हेच लागू आहे. जपानी गृहिणी पातेले थंड पाण्यात ठेवून लवकर निववते, उथळ भांड्यांत वाटून फ्रिजमध्ये ठेवते (तिथेही रस मुरतोच), आणि दुसऱ्या दिवशी तळापासून ढवळत पुन्हा उकळी आणते.