कलम ३७१ मधला पहिला शब्द

परभणीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो. जिंतूर, पालम, सोनपेठकडून आलेली ही मुलं रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात. संविधानाचं कलम ३७१ (२) त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, राज्यपालांची विशेष जबाबदारी. पण त्याच कलमाचा इंग्रजी मजकूर समोर ठेवला की पहिल्याच शब्दाला गाडी अडते. नॉटविथस्टँडिंग! बहुतेक जण तो ओलांडून पुढे वाचू लागतात. मला ते पटत नाही. आपल्या मराठवाड्यासाठी संविधानात जी काही तरतूद आहे, तिचं बळ याच शब्दात आहे.

शब्द लांबलचक असला तरी फोडून पाहिला की सोपा होतो. 'विथ' म्हणजे 'सोबत' असं आपण शाळेत शिकलेलो असतो, म्हणून घोटाळा होतो. जुन्या इंग्रजीत 'विथ'चा अर्थ 'विरुद्ध' असाही होता. त्यामुळे 'विथस्टँड' म्हणजे एखाद्याच्या विरोधात उभं ठाकणं. त्याला 'नॉट' लागला की अर्थ झाला 'आडवं न येता'. लॅटिनमध्ये याच अर्थाचा 'नॉन ऑब्स्टँटे' होता, त्याच्या साच्यावर इंग्रजीने हा शब्द घडवला. आपले वकील आजही अशा तरतुदीला 'नॉन ऑब्स्टँटे क्लॉज'च म्हणतात.

व्याकरणात हा शब्द दोन-तीन रूपांत वावरतो. नामाला धरून आला, मग तो नामाच्या आधी असो वा नंतर, तर त्याचं काम आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं. नामाचा आधार न घेता एकटाच आला, तर क्रियाविशेषण. मृगात पावसाने दडी मारली. शेतकऱ्यांनी पेरलं, नॉटविथस्टँडिंग. म्हणजे 'तरीसुद्धा'. हा एकटा वापर आज दुर्मिळ झालाय. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूससुद्धा साधे पर्याय वापरतो. म्हणून मी मुलांना सांगतो, मुलाखतीत हा शब्द आणायच्या फंदात पडू नका. पण वाचताना तो ओळखता आलाच पाहिजे.

कायद्यात तो का लागतो? दोन तरतुदींचा मेळ बसला नाही तर कोणती चालायची, हे तो आधीच ठरवून टाकतो. संविधानाच्या मराठी पाठात त्याच्यासाठी 'काहीही असले तरी' अशी रचना येते. एरवी राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं आणि पैशाचं वाटप सरकार व विधिमंडळाने करायचं, अशी संविधानाची घडण आहे. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकायची, तर ती घडण आड येऊ नये, म्हणून सुरुवातीलाच हा शब्द.

याच्या नेमका उलटा शब्दप्रयोग म्हणजे 'सब्जेक्ट टू', अर्थात 'च्या अधीन'. नॉटविथस्टँडिंग तरतुदीला वर उचलतो, सब्जेक्ट टू तिला दुसऱ्या कशाच्या तरी खाली ठेवतो. आणि हे दोन्ही एकाच कलमात आहेत! निधीचं वाटप न्याय्य करायचं, पण संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. त्यातच राज्यपालांवर ही जबाबदारी आदेशाने सोपवण्याच्या राष्ट्रपतींच्या अधिकारासाठी क्रियापद वापरलंय 'मे', म्हणजे 'करू शकतील'.

या तीन शब्दांत आमच्या भागाचा इतिहास आहे. २८ सप्टेंबर १९५३ ला मराठवाडा-विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं आश्वासन देणारा नागपूर करार झाला. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने विकास मंडळांची तरतूद आली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. मंडळं मात्र आली नाहीत. १९८४ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला: राज्याचा सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी मराठवाड्याच्या विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. राष्ट्रपतींचा आदेश निघून मंडळं प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये. तरतुदीनंतर ३८ वर्षांनी. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. कलम आपल्या जागी कायम आहे.

परवा हे शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, 'मे'च्या जागी 'शॅल' असतं तर?" प्रश्न इतका नेमका होता की मी तो सगळ्या वर्गासमोर घेतला. कायद्यात 'शॅल' सहसा बंधनकारक मानला जातो. तो असता तर मंडळं नेमणं ही मर्जीची बाब राहिली नसती, आणि मुदत संपल्यावर न्यायालयात दाद मागायला मराठवाड्याच्या हाती भक्कम आधार असता. तिने वहीत 'मे'खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढचा प्रश्न विचारला: मग दुरुस्ती करायला कुणाचं किती बहुमत लागतं?