समोर कुणीच नसताना

दहा मीटर बाजूची चौरस मॅट, तिच्यावर एकटा खेळाडू आणि समोर ओळीने बसलेले पंच. ‘सिजाक!’ अशी आज्ञा होते आणि पुढचा मिनिटभर तो खेळाडू लढतो. डावीकडून आलेली लाथ खाली दाबतो, एक पाऊल आत शिरून छातीवर ठोसा देतो, गर्रकन मागे वळून दुसऱ्याचा वार अडवतो. वार करणारं तिथे कुणीच नसतं. तरीही खेळ खरा जमला, तर पाहणाऱ्याला ती माणसं दिसू लागतात. कुठून आली, किती उंच होती, कुणाला कुठे लागलं, सगळं दिसतं. तायक्वांदोच्या या प्रकाराला पूमसे म्हणतात. माणसाने आपल्या शरीराकडून करवून घेतलेल्या ज्या गोष्टी मी पाहिल्या, त्यांत इतकी नवलाची दुसरी मला आठवत नाही.

आपल्याकडे तायक्वांदो म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती क्योरुगी, म्हणजे दोघांची लढत. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक म्हणून आली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तिला पदकं मिळू लागली. पूमसे अजून ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे यवतमाळ, पुसद किंवा वणीतल्या एखाद्या पालकाला ‘माझी मुलगी पूमसे खेळते’ हे शेजाऱ्यांना समजावून सांगताना वेळ लागतो. मारामारी नाही, गुणफलक धडाधड बदलत नाही, मग हरवायचं कुणाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर जमिनीवर आखलेलं आहे.

आखलेलं हा शब्द मी जपूनच वापरतो आहे. रंगीत पट्ट्यांचे विद्यार्थी शिकतात ते आठ तेगुक. त्या प्रत्येकात पावलं ठरावीक वाटेनेच पडतात: तीन आडव्या रेषा आणि त्यांना जोडणारी एक उभी. चीनच्या प्राचीन ‘यी-जिंग’ ग्रंथात तीन-तीन रेषांची आठ चिन्हं आहेत. कुठे रेषा अखंड, कुठे मधोमध तुटलेली. त्यांतली चार दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या कोपऱ्यांत आजही आहेत. आठ तेगुक म्हणजे ती आठ चिन्हं: पहिला आकाश, दुसरा सरोवर, तिसरा अग्नी, चौथा मेघगर्जना, पाचवा वारा, सहावा पाणी, सातवा पर्वत आणि आठवा पृथ्वी. पहिल्यात १८ हालचाली, आठव्यात २७. नवशिक्याला पहिल्याच दिवसांत आकाश मिळतं आणि काळ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर तो जमिनीवर येतो. हा उलटा क्रम मला फार आवडतो. पहिल्या तेगुकात साधं चालल्यासारखं उभं राहायचं असतं. आठव्यात उडी मारून हवेतच लाथ द्यायची असते आणि तिथून पुन्हा घट्ट जमिनीवर उतरायचं असतं.

आणखी एक अट आहे. जिथून सुरुवात केली, तिथेच शेवट व्हायला हवा. तबल्याचं आवर्तन जसं फिरून समेवर येतं, तसं. वाटेत एखादं पाऊल चार बोटं लांब पडलं, तर ती चूक पुढच्या प्रत्येक पावलात साठत जाते आणि शेवटी खेळाडू भलत्याच जागी उभा राहतो. त्याला ते कळतं, पंचांनाही कळतं.

पंच पाहतात तरी काय? ठरलेल्या पूमसेला एकूण दहा गुण असतात. त्यांतले चार अचूकपणाचे आणि सहा सादरीकरणाचे. अचूकपणात किरकोळ चूक झाली की ०.१ वजा, मोठी झाली की ०.३. हे ‘किरकोळ’ किती किरकोळ असतं ते ऐकण्यासारखं आहे. पोटाखाली आलेला वार अडवताना हात खाली येऊन थांबतो, तेव्हा मूठ मांडीपासून साधारण दोन मुठींच्या अंतरावर हवी. लांब पवित्र्यात पुढचा गुडघा वाकून पावलाच्या रेषेत यायला हवा, मागचा पाय ताठ हवा आणि त्याची टाच उचललेली चालत नाही. सादरीकरणाचे सहा गुण तीन भागांत येतात: वेग आणि जोर; बळ, लय आणि चढउतार यांचा मेळ; आणि ऊर्जेची अभिव्यक्ती. पाच किंवा सात पंच गुण देतात, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. मोठ्या स्पर्धांत कोणते पूमसे करायचे ते चिठ्ठी काढून ठरतं. त्यामुळे एकच पाठ करून चालत नाही, गटासाठी नेमलेले सगळेच अंगात मुरलेले लागतात.

यातला ‘ऊर्जेची अभिव्यक्ती’ हा भाग कुणाला हवेतला वाटेल. पण त्याचं बरंचसं बीज नजरेत असतं आणि नजरेमागे शुद्ध शरीरशास्त्र आहे. चांगला खेळाडू वळताना आधी मान वळवतो, डोळे नव्या दिशेला रोवतो आणि मग धड फिरवतो. कारण उघड आहे: तिकडे शत्रू आहे, त्याला पाहिल्याशिवाय अडवणार कसं? दुसरं कारण कानात दडलेलं आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण गिरकी घेऊन थांबलो, तरी तो द्रव क्षणभर फिरतच राहतो आणि मेंदूला वाटतं की आपण अजून फिरतो आहोत. गरगरतं ते त्यामुळे. डोळ्यांनी आधीच एक जागा धरून ठेवली असेल, तर मेंदूला दुसरा साक्षीदार मिळतो. तिसरा साक्षीदार तळपाय: कातडी, स्नायू आणि घोट्याचे सांधे भार कुठे सरकतो आहे याची क्षणोक्षणी खबर देत असतात. आणि हा खेळ अनवाणीच खेळतात.

या तिन्हींची खरी परीक्षा घेणारा पूमसे आहे कुमगांग. काळ्या पट्ट्यानंतर येणारा. त्यात एकही लाथ नाही. लाथांसाठी जगभर गाजलेल्या कलेत एक अख्खी रचना लाथेशिवाय! त्याऐवजी खेळाडू बगळ्यासारखा एका पायावर उभा राहतो, एक हात डोक्यावर, दुसरा खाली, आणि तसाच स्थिर होतो. सगळ्या देहाचा भार वीतभर लांबीच्या तळव्यावर. बाहेरून तो दगडासारखा निश्चल दिसतो. आत घोट्याचे स्नायू त्याला सतत इकडून तिकडे सावरत असतात. ते सावरणं पंचांना दिसलं की गुण गेला.

कुमगांग म्हणजे वज्र. कोरियातल्या ग्योंगजू इथल्या सोकगुरामच्या लेण्यात आठव्या शतकातले वज्रधारी द्वारपाल दगडात कोरलेले आहेत, उघड्या छातीचे, मूठ उगारलेले. १९९५ पासून ते लेणं जागतिक वारसा आहे आणि तायक्वांदोच्या पुस्तकांत त्या द्वारपालांची चित्रं हमखास सापडतात. त्यांचा पूर्वज वज्रपाणी आपल्या अजिंठ्यात आहे, पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, पद्मपाणीच्या जोडीला. बौद्ध भिक्षूंबरोबर तो मध्य आशिया, चीन असा मजल दरमजल करत कोरियाला पोचला. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आजचे पूमसे हजार-दोन हजार वर्षांचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियातल्या आखाड्यांत जपानी कराटेचे ‘काता’च शिकवत, त्यांतून वेगळं होत, बदलत, १९६० आणि ७० च्या दशकांत हे पूमसे रचले गेले. कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र १९७२ चं, जागतिक महासंघ १९७३ चा. रचना नवी आहे, पण रचणाऱ्यांनी तिच्यात ज्या आकृत्या पेरल्या त्या फार जुन्या आहेत, आणि मला भुरळ पडते ती या पेरणीची.

कारण काळ्या पट्ट्यानंतरचा प्रत्येक पूमसे एकेक आकृती चालून काढतो. कुमगांगची वाट पर्वताच्या चिनी अक्षराची, तीन शिखरांची. शिपजिनची वाट अधिकचिन्हाची. हान्सूची वाट पाण्याच्या अक्षराची. आणि सर्वांत शेवटचा, इल्यो. सातव्या शतकातल्या वोनह्यो या कोरियन भिक्षूच्या, मन आणि देह एकच आहेत या विचारावर तो बेतला आहे. त्याची वाट स्वस्तिकाची. बौद्ध परंपरेतला, आपल्या उंबरठ्यावर काढतो त्याच्या उलट्या हाताचा स्वस्तिक, पण स्वस्तिकच. सर्वांत वरच्या दानासाठी, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या सर्वांत वरच्या श्रेणीसाठी, तो शिकतात. पहिल्या दानापासून तिथवर जायला नियमाने पस्तीसहून अधिक वर्षं लागतात. रोज पहाटे दारात रांगोळीने तीच आकृती दोन मिनिटांत रेखणाऱ्या यवतमाळच्या आजीला हे कुणीतरी सांगायला हवं.

आता यवतमाळ जिल्ह्याकडे. क्योरुगीच्या मोठ्या स्पर्धांत छातीवरचं कवच, डोक्यावरचं शिरस्त्राण आणि पायमोजे या सगळ्यांत संवेदक बसवलेले असतात. लागलेली लाथ यंत्र मोजतं. ही यंत्रणा महाग आहे. तिच्याशिवाय सराव केलेलं मूल मोठ्या मैदानावर गेलं की बिचकतं. पूमसेला हवी सपाट जागा, एक डोबॉक म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, आणि चूक पकडणारा डोळा. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमचा कोपरा चालतो, शाळेचं सभागृह चालतं, दिग्रस-दारव्ह्याकडे लग्नसराई संपलेलं एखादं मंगल कार्यालयही चालेल. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी मुलं खेळाकडे वळतात म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या भागात तेही एक कारण आहे, आणि चांगलं कारण आहे.

त्यातच २०२० साली कोरोनाने मैदानं बंद केली. समोरासमोरची लढत थांबली, पण पूमसेला प्रतिस्पर्ध्याला हात लावावाच लागत नाही. वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक महासंघाने ऑनलाइन स्पर्धा भरवल्या: खेळाडूने घरी किंवा अंगणात पूमसे करायचा, चित्रफीत पाठवायची, पंचांनी आपापल्या देशातून गुण द्यायचे. एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला पारपत्र, व्हिसा, विमानाचं तिकीट यांतलं काहीच लागू नये, हे खेळांच्या इतिहासात किती वेळा घडलं असेल?

देहाचं कसब घेऊन जगासमोर जाणं वऱ्हाडाला नवं नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिनला गेला होता. ऑलिंपिकच्या दिवसांत त्यांनी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकार तिथे दाखवले. स्पर्धा नव्हती, पदकांची यादी नव्हती; शरीराने काय बोलता येतं एवढंच दाखवायचं होतं. पूमसे पाहताना मला त्या चमूची आठवण होते.

पूमसेची पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये सेऊलला झाली. आशियाई खेळांत तो २०१८ च्या जकार्तात आला आणि यजमान इंडोनेशियाचं त्या खेळांमधलं पहिलं सुवर्ण पूमसेनेच दिलं: देफिया रोस्मानियारने महिलांच्या वैयक्तिक गटात ते जिंकलं. भारताला थोडं थांबावं लागलं. २०२४ च्या मे महिन्यात व्हिएतनाममधल्या दा नांग इथल्या आशियाई पूमसे स्पर्धेत रूपा बायोरने कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. रूपा अरुणाचल प्रदेशातल्या एका लहान गावाची, पण घडली ती मुंबईत सराव करून. अरुणाचलच्या डोंगरातून मुंबईपर्यंतचं अंतर पाहिलं, तर यवतमाळहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास.

आणि हे केवळ मुलांसाठी नाही. जागतिक स्पर्धेत १२ ते १४ वर्षांचा गट असतो, तसे तिशीचे, चाळिशीचे, पन्नाशीचे गटही असतात आणि थेट पासष्टीच्या पुढच्यांसाठीही असतो. वय वाढतं तसे नेमलेले पूमसेही बदलतात, वरच्या दानाचे येतात. लेकीला सरावाला सोडून बाहेर कठड्यावर बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या बापाला आज सुरुवात करून काळ्या पट्ट्यापर्यंत जायला चार-पाच वर्षं पुरतात. तेव्हा त्याच्या वयाच्या गटाची मॅट कुठल्या ना कुठल्या देशात अंथरलेली असेल.